कांचन-शिसमावरची भुरी: फवारायची की सोडून द्यायची?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या कॉलनीच्या रस्त्याला कांचनाची नऊ आणि शिसमाची चार मोठी झाडं आहेत. शिवाय मागच्या पावसाळ्यात लावलेली कांचनाची पाच रोपं. गणपती झाल्यावर विजेच्या तारांसाठी फांद्या छाटल्या. दिवाळीपासून पानांवर पांढरी पावडर दिसतेय, आणि आता शिसमाची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. शेजारचे काका म्हणतात, शेतावरचा पंप आणतो, हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकाचा एक हात मारला की साफ. दुसरं एक घर म्हणतंय, झाडं रोगट झाली, तोडूनच टाका. ताईंचं माहेर कासेगावचं, तिथं द्राक्षबाग. सासरी सांगोल्याला डाळिंब. म्हणून धास्ती अशी की ही भुरी, म्हणजे पानावर पिठासारखी बसणारी बुरशी, कपड्यालत्त्यावरून बागेत तर जाणार नाही ना? आणि गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या आहेत, त्यांचं काय?

ताई, काकांना पहिल्यांदा पंपच का आठवला ते आधी बघू. आपल्या जिल्ह्यात भुरी म्हटलं की द्राक्ष डोळ्यांसमोर येतं. ऑक्टोबर छाटणी झाली की बागायतदार सकाळी चहाच्या आधी घडाकडं बघतो. कोवळ्या मण्यावर भुरी बसली की साल वाढत नाही, आतला गर वाढतो, मणी तडकतो आणि माल हातचा जातो. तिथं पंप उचलायला उशीर करून चालत नाही. मी स्वतः आठ वर्षं द्राक्षबागेत काढली. त्यानंतर शहरातल्या कॉलन्या, शाळा, कारखान्यांची आवारं इथली झाडं बघायला लागलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं मीही द्राक्षाचाच हिशेब रस्त्यावरच्या झाडाला लावत होतो. पण द्राक्षात आपण फळ विकतो. कांचनाच्या पानाला मार्केट यार्डात कोण भाव देणार?

तेव्हा कोणतं औषध मारायचं हे नंतर बघू. आधी हे ठरवू की या भुरीनं या झाडाचं असं काय बिघडतंय, ज्यासाठी पन्नास घरांच्या रस्त्यावर औषध उडवावं. याचं उत्तर झाडाच्या वयावर, महिन्यावर आणि भुरी कोवळ्या शेंड्यावर आहे की जून पानावर, यावर ठरतं. झाड समोर नसताना छातीठोक सांगणं बरोबर नाही. तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत असं: तेरा मोठ्या झाडांना काहीही मारू नका. पाच रोपांवर लक्ष ठेवा, त्यांना कदाचित एखादी फवारणी लागेल.

पण ती भुरीच आहे का, हे आधी बघून घ्या. सोलापुरात पान पांढरं व्हायला भुरीच लागते असं नाही. जवळ बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ बसते. ती सगळ्या पानांवर सारखी असते, आणि रस्त्याकडच्या बाजूला जास्त. बोअरचं पाणी पाइपनं झाडावर मारत असाल तर क्षारांचे डाग पडतात. ते थेंबाच्या आकाराचे असतात आणि पाइपचं पाणी पोचतं तिथपर्यंतच दिसतात, त्याच्या वर पान स्वच्छ. पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखा बसतो, हाताला चिकट लागतो आणि तिथं मुंग्यांची ये-जा असते. शिसमाचं कोवळं पान तर मुळातच लवदार असतं, ते पाहून घाबरलेली माणसं मी पाहिलीत. भुरी सुरू होते ती गोल ठिपक्यांनी, शर्टाच्या बटणाएवढ्या. पुढं ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पान पिठात घोळल्यासारखं दिसतं. बोटानं पुसलं की बोट पांढरं होतं, आणि खाली पान हिरवं किंवा जरासं पिवळट निघतं.

शिसमाच्या बाबतीत मात्र पान उलटून बघा. त्याच्यावर येणारी भुरी मुख्यतः खालच्या अंगाला असते. काकांनी वरून कितीही फवारलं तरी ते औषध बुरशीला लागणारच नाही, ही आणखी एक गंमत.

पान उलटलंच आहे तर घड्याळजी वापरतात तसलं दहापट भिंग पैदा करा आणि डिसेंबर-जानेवारीत ते पान सकाळच्या तिरप्या उन्हात धरा. पांढऱ्या लोकरीच्या चटईवर मोहरीपेक्षा कितीतरी बारीक दाणे दिसतील. काही पिवळे, काही नारिंगी, काही काळे. एकाच दाण्याची ही तीन वयं. काळ्या दाण्याला चहूबाजूंनी सरळ, काचेसारख्या सुया फुटलेल्या असतात आणि प्रत्येक सुईचं बूड कांद्यासारखं फुगीर असतं. दाणा पिकला की या सुया खाली वाकतात आणि टेबलाच्या पायांसारखा त्याला पानापासून वर उचलतात. मग वाऱ्याची झुळूक पुरते. दाणा सुटतो आणि डोक्यावरच्या चिकट झुपक्यानं दुसरीकडं जाऊन डकतो. या बुरशीचं नाव फायलॅक्टिनिया. तुतीच्या पानाखालीही याच कुळातली बुरशी येते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला चहा गार झाला होता. सांगायचा मुद्दा, घरात शाळेत जाणारं पोर असेल तर झाड तोडायच्या आधी त्याला हे दाखवा.

आता ही बुरशी जगते कशी ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळेल. भुरीचे धागे पानाच्या वरवरच पसरतात. पानाच्या सालीतल्या पेशीत ती एक छोटा चोषक खुपसते आणि तेवढ्यावर पोट भरते. फायलॅक्टिनिया पानाच्या छिद्रातून थोडी आतही शिरते, पण धंदा तोच. पेशीला ती मारत नाही. पान मेलं की हिचाही शिधा बंद. म्हणूनच प्रयोगशाळेत बाकीच्या बुरशा बशीत वाढवतात तशी ही वाढवता येत नाही. हिला जिवंत पानच लागतं. जी बुरशी पान जिवंत राहण्यावर जगते, ती झाडाच्या मुळावर सहसा उठत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग, केवडा, पडायला पान ओलं लागतं, हे द्राक्षवाल्यांच्या घरात सांगायला नको. भुरीचं उलटं आहे. तिचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, स्वतःचं पाणी स्वतःच्या पोटात घेऊन उडतो, त्यामुळं कोरड्या पानावरही रुजतो. उलट पान ओलंचिंब राहिलं तर बीजाणू फुटतात, वाहून जातात. हवेत दमटपणा हवा, पण पानावर पाणी नको. रात्री गारवा, दिवसा कोरडं ऊन, आणि बुरशीसाठी २० ते २८ अंशांचा आराम. आपल्याकडं सप्टेंबरचा शेवटचा मोठा पाऊस होऊन गेला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच हवामान असतं. रात्री १५-१६ अंश, दुपारी ३० च्या आसपास, पहाटे थोडं दव. म्हणून ती दिवाळीला दिसते, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास ऐन भरात असते, आणि होळीनंतर पारा ३५ च्या वर गेला की सुकायला लागते. गुढीपाडव्याला पाहुणे येतात तेव्हा झाडावर नवी पालवी असते आणि भुरीचं कुणाला आठवतही नाही.

मग या वर्षी तुमच्याकडं जास्त का? मला वाटतं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. गणपतीनंतर छाटणी झाली. जमिनीत पावसाची ओल होती, वर फांद्या कापलेल्या. झाडानं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भसाभस कोवळे फुटवे काढले. भुरीला कोवळं पानच गोड लागतं, जून झालेल्या पानाची साल तिला तेवढी सहज भेदत नाही. म्हणजे ऐन भुरीच्या मोसमात आपण तिच्यापुढं ताट वाढलं. त्यात कुणी प्रेमानं युरिया टाकला असेल, किंवा न्हाणीघराचं पाणी आळ्यात सोडलं असेल, तर फुटवे आणखी लुसलुशीत. आणि शिसमाच्या दाट सावलीत असलेल्या कांचनावर भुरी बहुधा जास्त असणार. रस्त्याच्या टोकाच्या, उन्हातल्या झाडावर कमी. हे तुम्ही जाऊन मोजून बघा. बहुतेक वेळा माझा अंदाज खरा ठरतो, नाही ठरला तर मला सांगा, दुसरं कारण शोधू.

माहेरच्या बागेचं बोलू. भुरी हे एका बुरशीचं नाव नाही, शेकडो बुरशांच्या आख्ख्या घराण्याचं आहे, आणि त्यातली बहुतेक जण आपापलं झाड सोडून दुसरीकडं जेवत नाहीत. द्राक्षावरची इरिसायफी नेकेटर वेगळी. गुलाबावरची पोडोस्फेरा पॅनोसा वेगळी. बोरावरची वेगळी, आंब्याच्या मोहोरावरची वेगळी. दिसायला सगळ्या एकाच गिरणीतलं पीठ, पण शिसमावरचा बीजाणू द्राक्षाच्या पानावर पडला तर उपाशी मरतो. याला अपवाद आहेत. लेव्हिल्युला नावाची एक भुरी मिरची, टोमॅटोपासून कितीतरी वेगवेगळ्या झाडांवर चालते आणि पानाच्या आत राहते. पण तुमच्या रस्त्यावरून कासेगावच्या बागेत जाईल अशी भुरी कांचनावरही नाही, शिसमावरही नाही. द्राक्षाची भुरी द्राक्षाच्याच डोळ्यांत (फुटायच्या कोंबांत) आणि जुन्या काडीवर दबा धरून बसलेली असते. तुमच्या साडीवरून जायची तिला गरज नाही.

सांगोल्याच्या डाळिंबाबद्दल तर भुरीची काळजी सोडाच. तिथली खरी डोकेदुखी तेल्या, आणि तो जिवाणूंचा रोग आहे, बुरशीचा नाही. डाळिंबाच्या पानावर कधी काही वेगळं दिसलं तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, फांदीचा तुकडा घेऊन तिथं जा. कॉलनीतल्या शिसमावर आळ घेऊ नका. गच्चीवरच्या गुलाबांना भुरी येऊ शकते, पण ती गुलाबाची स्वतःची येईल, आणि त्याच हवेत, त्याच महिन्यात येईल. म्हणून माणसाला वाटतं खालून वर आली.

बरं, झाडाचं नुकसान काहीच नाही का? आहे. पांढऱ्या पडद्याखाली पानाला ऊन कमी मिळतं, अन्न कमी तयार होतं, काही पानं वेळेआधी गळतात. फुटव्याचे शेंडे वाकडे होतात. पण मोठ्या झाडानं जून ते ऑक्टोबर पोटभर कमावलेलं असतं. डिसेंबरात त्याचं दुकान तसंही बंद व्हायच्या बेतात असतं. शिसम हिवाळ्यात पानं टाकतोच, भुरी असो वा नसो. वसंतात फुलणारा कांचन तर फुलायच्या आधी बहुतेक पानं झाडतो. म्हणजे तुम्हाला जी पानगळ भुरीमुळं वाटतेय, त्यातली बरीचशी मोसमाची आहे. भुरीनं फार तर दहा-पंधरा दिवस आधी ढकललं असेल. एकोणीस वर्षांत नुसत्या भुरीनं मेलेलं मोठं झाड मी एकही बघितलेलं नाही. मुळाशी काँक्रीट ओतून मेलेली मात्र मोजता येणार नाहीत इतकी बघितलीत. तुमच्या झाडांची आळी पेव्हर ब्लॉकनी बुंध्यापर्यंत बंद केली असतील, तर काकांचा उत्साह तिकडं वळवा. एक मीटर मोकळं करा, त्याचा उपयोग भुरीच्या औषधापेक्षा जास्त होईल.

आता फवारणीबद्दल, आणि इथं माझीच एक फजिती सांगतो. बारा वर्षं झाली असतील. एका शिक्षणसंस्थेच्या आवारात आम्ही कांचनाची एकशे वीस रोपं लावली होती. फेब्रुवारीच्या शेवटी भुरी दिसली. व्यवस्थापनाकडून फोनवर फोन, म्हणून मी ८० टक्के गंधक आणलं. मार्चचा दुसरा आठवडा होता. माणसं सकाळी सातला यायची ती अकराला आली, आणि मी "आज होऊन जाऊ दे" म्हटलं. दुपारी ३८ अंश. तिसऱ्या दिवशी सगळ्या पानांच्या कडा इस्त्री लागल्यासारख्या तपकिरी, आठवड्यात पानं खाली. भुरी गेली, पण ती तशीही पंधरा दिवसांत उन्हानं जाणार होती. नऊ रोपं दगावली, ती मी पदरचे पैसे घालून बदलली. मुकादम एवढंच म्हणाला, "सायेब, रोग बरा हुता की."

दोष गंधकाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. गंधक जुनं आणि भरवशाचं औषध आहे. १८४५ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर मार्गेट गावात टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलीवर ही पांढरी बुरशी दिसली. पीचच्या भुरीवर गंधक चालतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं गंधक आणि चुन्याचं पाणी मारून बघितलं, आणि ते लागू पडलं. पुढं १८५० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागा याच भुरीनं आडव्या केल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या त्याही गंधकाच्या भुकटीवरच. फक्त गंधकाला ऊन सांभाळून वापरावं लागतं. पारा ३२-३३ च्या वर जाणार असेल त्या दिवशी ते मारायचं नाही. आणि निंबोळी तेल किंवा कुठलंही तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर पान भाजतं.

हेक्झाकोनॅझोल भुरीवर चालतं, त्यात काका खोटं बोलत नाहीत. पण ते ज्या पिकांसाठी आहे ती लेबलावर लिहिलेली असतात, आणि त्यात कॉलनीचा रस्ता नसतो. वीस-पंचवीस फुटांच्या झाडाला खालून पंप मारायचा म्हणजे निम्मं औषध वाऱ्यावर. ते कुठं जाणार? वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या टाकीत, दूधवाल्याच्या कॅनवर. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांचं भरून ठेवलेलं पाणी गच्चीवर असतं, त्यावर हे तुषार नकोत. शिवाय या गटातली औषधं वरचेवर मारली तर झाडाची वाढ खुरटते, पेरं आखूड पडतात. द्राक्षात हा सगळा धोका पत्करायला समोर काहीतरी पदरात पडणार असतं. इथं काय पडणार आहे?

आणखी एक नुकसान सहज दिसत नाही. भुरी असलेल्या पानांवर लिंबाच्या रंगाचे, डाळीच्या दाण्याएवढे ढालकिडे फिरताना दिसतील. पाठीवर एकही काळा ठिपका नाही, मानेच्या पांढऱ्या पट्टीवर मात्र दोन काळे टिपके. त्यांच्या अळ्या पिवळसर, अंगावर काळे ठिपके. हा किडा पान खात नाही, मावाही खात नाही, भुरीच खातो. गाय गवत चरते तसा पांढऱ्या पट्ट्यावरून चरत जातो आणि मागं हिरवं पान सोडतो. एका कारखान्याच्या आवारात माळ्यानं मला घाईघाईनं बोलावलं होतं, "पिवळी कीड पडलीय, पानं पांढरी करतीय." त्यानं बिचाऱ्यानं चोर सोडून पोलीसच धरला होता. हातातला कीटकनाशकाचा पंप खाली ठेवायला लावला. त्याच झाडावर दहा दिवसांनी निम्मी पानं स्वच्छ होती. दर वेळी इतकं जमेल असं नाही, थंडी फार वाढली की किडे मंदावतात. पण ते असतील तर फवारणीचा विचार तिथंच सोडा.

तुमच्या पाच रोपांचं आता. एक-दोन वर्षांच्या रोपाकडं मोठ्या झाडासारखी शिल्लक नसते. त्याचे शेंडे भुरीनं आखडले तर पुढच्या वर्षीची उंची जाते. तरी आधी साधे उपाय करा. भुरीनं वाकडे झालेले शेंडे कात्रीनं काढा आणि पिशवीत घालून ओल्या कचऱ्यात टाका. पाला पेटवू नका. पाण्याच्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास रोपांची पानं दोन्ही बाजूंनी जोरात धुऊन काढा, म्हणजे दुपारपर्यंत पान वाळेल. संध्याकाळी नको. गुलाबाच्या कुंड्यांनाही हेच, फक्त गुलाबाला रोज भिजवू नका, काळे ठिपके येतील. रोपाला युरिया बंद. त्यावर शिसमाची खालची एखादी फांदी अगदी झुकली असेल तर ती उचलून घ्या, ऊन येऊ द्या, पण ते फेब्रुवारीनंतर आणि हलक्या हातानं.

एवढं करून दोन आठवड्यांत नवा शेंडा पुन्हा पांढरा झाला, तरच गंधक. लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर, वारा नसताना, पानाच्या दोन्ही अंगांना. पंधरा दिवसांनी गरज वाटली तर पुन्हा एकदा, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर काहीच नाही. तोंडाला रुमाल बांधा, पोरांना त्या वेळी आत ठेवा. दुधाचा उपाय बरेच जण विचारतात. एक भाग दूध, नऊ भाग पाणी हे ब्राझीलमध्ये १९९९ मध्ये काचघरातल्या भोपळावर्गी वेलींवर तपासलं गेलं आणि चांगलं चाललं. गुलाबाच्या चार कुंड्यांवर मीही करतो, उन्हात. पाच रोपांवर करायचं असेल तर करून बघा, आठवड्यातून एकदा, ताकद गंधकाएवढी धरू नका. जास्त दाट केलं तर पानाला वास येतो आणि मुंग्या लागतात.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: मोठ्या झाडांना हात लावायचा नाही, रोपांचे शेंडे काढायचे आणि धुवायचे, गंधक अगदीच लागलं तर थंडीतल्या सकाळी. माहेरच्या बागेची चिंता नको.

तोडण्याबद्दल बोलणाऱ्या घराला एवढंच सांगा की महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पानावर पीठ आलं हे काही परवानगीचं कारण होत नाही. छाटणीचं मात्र बोलून ठेवा. तारांखालच्या फांद्या कापायच्याच असतात, त्याला इलाज नाही. पण ते काम उन्हाळ्याच्या तोंडाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घेता आलं तर फुटवे भर उन्हात निघतात आणि दिवाळीपर्यंत पान जून होतं. वेळापत्रक तुमच्या हातात नसेल, तर निदान सप्टेंबरात कापल्यावर खत तरी घालू नका.

पुढच्या पावसाळ्यात आणखी झाडं लावणार असाल तर जाता जाता लॅजरस्ट्रोमियाबद्दल सांगतो, कारण नर्सरीवाले हल्ली तेच पुढं करतात. आपल्या तामणाची ही धाकटी बहीण. फुलं झकास, पण भुरी इतकी लाडकी की कळ्यासुद्धा पांढऱ्या होऊन न उमलता राहतात. अमेरिकेत यावर फवारत बसण्याऐवजी झाडच बदललं. तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी साध्या लॅजरस्ट्रोमियाचा संकर जपानच्या याकुशिमा बेटावरून आणलेल्या जातीशी केला आणि भुरीला दाद न देणारे वाण काढले. त्यांना तिथल्या आदिवासी जमातींची नावं दिली. पांढऱ्या फुलांचा नॅचेझ हा त्यातला गाजलेला, १९७८ चा. नर्सरीत असा वाण मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर आपलं साधं तामण लावा, आणि ते सावलीत नको, पूर्ण उन्हात, दोन झाडांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवून.

आणि काकांचा पंप. त्यांचं मन मोडू नका, पण त्या पंपानं शेतात कधी तणनाशक मारलं असेल तर तो तुमच्या रोपांजवळ आणूच नका. कितीही विसळला तरी नळीत आणि वॉशरमध्ये उरलेलं तेवढं औषध कांचनाची पानं पिळवटून टाकायला पुरतं, आणि मग तुम्ही मला विचाराल की भुरीनं पानं अशी का झाली. पाच रोपांना दोन लिटरचा हातपंप बास आहे, कृषी सेवा केंद्रात मिळतो.